जमिनींतून निघालेलें जुनें लोखंड

ज्युबिलीचें वर्ष हें कृतज्ञतेचें वर्ष होय, आणि आठवणीवांचून कृतज्ञता संभवत नाहीं. आपल्या देवळाची बांधणी, येथें सेवा करून गेलेले धर्मगुरु, शाळा व मंडळें ह्यांचा वृत्तांत ह्या पुस्तिकेंत इतरत्र आलाच आहे. त्या वृत्तांताला साधनें पुष्कळ. दगडावर लेख कोरलेला असतो. बाप्तिस्म्याच्या वहींत नांव व तारीख असते. घंटेच्या अंगावर तर ती ओतली तेव्हांचा सन उमटलेला असतो. १७३९ सालीं वसई पडल्यावर इकडील देवळांच्या ज्या घंटा मराठी सैन्यानें नेल्या, त्यांपैकीं नाशिकास नारोशंकराच्या देवळांत टांगलेल्या घंटेवर १७२१ हा आंकडा आहे. घंटा कोठेंहि गेली तरी आपलें वय आपणच सांगते. लोखंडाचें तसें नाहीं. तें मुकें असतें, आणि म्हणूनच त्याच्या तोंडीं कोणीहि कांहींहि घालूं शकतो.

वसईच्या पट्टींत घराचा पाया खणा, विहिरीचा गाळ काढा, कीं वाडींत केळीसाठीं खड्डा घ्या. कुदळीला खणकन् कांहीं तरी लागतें आणि माती व गंज ह्यांचा एक गोळा वर येतो. खिळा, कडी, बिजागरी, फाळाचा तुकडा, बैलाचा नाल, कुलूप, क्वचित् तोफेचा गोळा. घरांतील वडील माणूस तो हातांत घेऊन म्हणतें, "हें पोर्तुगीजांच्या वेळचें!" आणि तेवढ्यावर त्याचा निकाल लागतो. ज्युबिलीनिमित्त जुन्या वस्तूंचें प्रदर्शन मांडावयाचें ठरलें, तेव्हां घरोघरून अशा वस्तु आमच्याकडे आल्या, आणि बहुतेकांबरोबर हेंच एक वाक्य आलें. प्रत्येक वस्तूखालीं चिठ्ठी लावण्याचें काम आमच्यावर सोंपविलें असल्यामुळें तें वाक्य खरें कीं खोटें, हें पाहणें आम्हांस भाग पडलें. त्या कामांत जें समजलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

कोणी म्हणेल, चिठ्ठीवर चार अक्षरें अधिक-उणीं झालीं तर काय बिघडलें? काय बिघडतें, ह्याचा दाखला ख्रिस्तसभेच्याच इतिहासांत आहे. प्रभूच्या क्रूसाचे खिळे म्हणून ज्यांचा मान राखला जातो, असे तिसांच्या वर खिळे युरोपांत निरनिराळ्या ठिकाणीं आहेत. क्रूसाला इतके खिळे नव्हते, हें सांगावयास नको. पण हें सर्व कोणी लबाडीनें केलें असें मात्र नव्हे. सोळाव्या शतकांत संत चार्ल्स बोरोमियो ह्यांनीं मिलान येथील पवित्र खिळ्याच्या प्रतिकृति करविल्या, मूळ खिळ्यास त्या लावल्या आणि भक्तिभावानें इतरांस दिल्या. त्यांतील एक स्पेनचा राजा दुसरा फिलिप ह्यास मिळाली. देणाऱ्यानें ती प्रतिकृति म्हणूनच दिली. परंतु अशा वस्तूबरोबरची हकीकत जाणणारीं माणसें गेलीं, चिठ्ठी हरवली, कीं एकदोन पिढ्यांत प्रतिकृतीला मूळ वस्तु मानूं लागतात. कोणाच्याहि मनांत कपट नसतां असत्य उभें राहतें, तें असें.

आपल्याच वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया ह्यांचें उदाहरण घ्या. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं जपानांत नागासाकी येथें ते पंचवीस सोबत्यांसह क्रूसावर हुतात्मा झाले. त्यांना खिळे ठोकलेले नव्हते. लोखंडी कडीं व दोर ह्यांनीं त्यांना क्रूसास जखडून भाल्यांनीं भोंसकलें होतें. उद्यां एकाद्यानें त्यांच्या क्रूसाचा म्हणून खिळा पुढें केला, तर तो खिळा चारशें वर्षांचा असला तरीहि त्याची कथा खोटीच ठरेल. वस्तूचें वय निराळें आणि तिची कथा निराळी; दोन्ही स्वतंत्रपणें तपासाव्या लागतात.

वय ठरवावयाचें तर आधीं ह्या भूमीचा काळ मोजून घेतला पाहिजे. गुजरातचा सुलतान बहादुरशहा ह्यानें डिसेंबर १५३४ मध्यें वसई पोर्तुगीजांस दिली, आणि मे १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं ती घेतली. ही झालीं दोनशें चार वर्षें. त्यानंतर मराठ्यांचा अंमल. मध्यें डिसेंबर १७८० मध्यें इंग्रज सेनापति गॉडर्ड ह्यानें किल्ला घेतला व १७८२ च्या सालबाईच्या तहानें तो परत गेला. १८१८ सालीं पेशवाईबरोबर हा मुलूख कायमचा इंग्रजांकडे आला. १८६४ सालीं आगगाडी उत्तरेकडून थेट मुंबईंत पोंचली, आणि १८६७ च्या एप्रिलांत विरारहून मुंबईस रोजची गाडी सुरू झाली. म्हणजे पोर्तुगीज गेल्याला आतां त्यांच्या सबंध राजवटीहून कितीतरी अधिक काळ लोटला आहे. तेवढ्या काळांत आमच्या वाडवडिलांनीं घरें बांधलीं, मोडलीं, पुन्हां बांधलीं. गाडे हांकले, विहिरी खणल्या. त्यांच्या हातून कांहींच लोखंड जमिनींत पडलें नाहीं, आणि जें पडलें तें सारें फिरंग्यांच्याच हातून, असें कसें होईल?

शिवाय एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. पूर्वी लोखंड महाग होतें. सह्याद्रीच्या रानांत धावड लोक लांकडी कोळशाच्या लहानशा भट्टींत दगडापासून लोखंड काढीत. एक गोळा निघावयास कोळसा पुष्कळ आणि मेहनत त्याहून पुष्कळ. असें लोखंड कोणी फेंकीत नसे. झिजलेला फाळ लोहाराकडे परत जाई आणि त्याचा विळा होई. विळा मोडला कीं त्याचे खिळे होत. तरवारींचे फाळ होतील असें यशया संदेष्ट्यानें जें पाहिलें, तें आमच्या गांवच्या ऐरणीवर लहान प्रमाणांत नेहमींच घडत होतें. पुढें एकोणिसाव्या शतकांत विलायती कारखान्यांचें लोखंड जहाजांतून, आणि मग आगगाडींतून, स्वस्त येऊं लागलें. धावडांच्या भट्ट्या विझल्या, आणि मोडका खिळा परड्यांत टाकून देणें प्रथमच परवडूं लागलें. म्हणून जमिनींत सांपडणारें लोखंड बहुधा स्वस्ताईच्या काळांतलें असावें, हाच पहिला अंदाज. जो त्याहून जुनें म्हणेल, त्यानें पुरावा द्यावा.

तो पुरावा वस्तूच्या अंगावरच शोधावयाचा असतो. प्रथम धातूची जात पाहावी. घडीव लोखंडांत मळीचे बारीक धागे राहिलेले असतात. तें गंजलें म्हणजे जुन्या लांकडासारख्या उभ्या रेषा त्यावर दिसतात. बीड म्हणजे ओतीव लोखंड ठिसूळ असतें. तें वांकत नाहीं, तुटतें, आणि तुटल्या जागीं करड्या रंगाचे दाणे दिसतात. पोलाद गंजलें तर पापुद्रे सुटतात, पण लांकडासारख्या रेषा दिसत नाहींत. ह्या भेदाचें महत्त्व असें कीं, बेसेमर नांवाच्या इंग्रज कारागिरानें १८५६ सालीं आपली रीत जाहीर केल्यानंतरच स्वस्त पोलाद मुबलक होत गेलें. साधी कडी किंवा पट्टी पोलादाची निघाली, तर तिला पोर्तुगीजांच्या काळीं नेतां येत नाहीं. आपल्या देशांत टाटांच्या साकची येथील कारखान्यांत लोखंड प्रथम डिसेंबर १९११ मध्यें निघालें व पोलाद १९१२ मध्यें.

दुसरा साक्षीदार खिळा. खिळ्याच्या तीन जाती आहेत. पहिला लोहारानें घडविलेला. सळई तापवून तिचें टोंक चारी बाजूंनीं ठोकून निमुळतें करावयाचें, हवी तेवढी लांबी तोडावयाची, आणि भोंक पाडलेल्या पट्टींत ती उभी धरून वर घाव घालून डोकें बसवावयाचें, अशी ही कृति. त्यामुळें हा खिळा चौकोनी असतो, चारी अंगांनीं निमुळता होतो, आणि त्याच्या डोक्यावर घावांचे पैलू दिसतात. दोन खिळे अगदीं सारखे नसतात. दुसरा पत्र्यांतून यंत्रानें कापलेला. तो दोनच बाजूंनीं निमुळता होतो, उरलेल्या दोन बाजू समांतर राहतात, आणि टोंक बोथट असतें. हीं यंत्रें अठराव्या शतकाच्या अखेरीस निघालीं. तिसरा तारेचा, म्हणजे आज दुकानांत मिळतो तो गोल खिळा. तो स्वस्त पोलादी तारेबरोबर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थांशांत सर्वत्र पसरला.

येथें एका मोहापासून सावध राहिलें पाहिजे. गोल खिळा दिसला तर वस्तु जुनी नाहीं, असें सांगतां येतें. परंतु चौकोनी, घडीव खिळा दिसला म्हणून ती पोर्तुगीजांच्या वेळची, असें मात्र सांगतां येत नाहीं. कारण आमचे लोहार तसेच खिळे आगगाडी आल्यावरहि घडवीत राहिले. वसई व आगाशी येथें जहाजें बांधीत असत. त्या कामालाहि मोठे घडीव खिळे लागत, आणि मोडीत निघालेल्या गलबताचें लांकूड घराला वापरलें तर खिळेहि त्याबरोबर घरांत येणार. नवी रीत केव्हां सुरू झाली हें ठाऊक असतें. जुनी रीत केव्हां संपली हें प्रत्येक गांवाचें निराळें असतें. म्हणून लोखंड बहुधा "अमुक सालापूर्वीचें नव्हे" एवढेंच सांगतें; "अमुक सालचें" असें क्वचित् सांगतें. हा ह्या विद्येचा पहिला धडा होय.

तिसरा साक्षीदार मळसूत्री खिळा, ज्याला आपण स्क्रू म्हणतों. जुन्या स्क्रूचें टोंक बोथट असे. आधीं भोंक पाडल्यावांचून तो लांकडांत शिरत नसे, आणि त्याच्या माथ्यावरची खांच हातानें कापलेली असल्यामुळें पुष्कळदां मध्यभागीं नसे. अणकुचीदार टोंकाचा स्क्रू यंत्रानें करण्याची अमेरिकन युक्ति १८४६ सालची. इंग्लंडांत ती १८५४ सालच्या सुमारास आली. अधिक चिन्हाच्या खांचेचा स्क्रू तर १९३० नंतरच्या दशकांतला. नटबोल्टाचे आटे पूर्वी प्रत्येक कारागीर आपल्या मनाप्रमाणें पाडी, म्हणून एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टास बसत नसे. सर्वांचे आटे सारखे असावेत ही सूचना व्हिटवर्थ ह्यानें १८४१ सालीं मांडली. मिलिमीटरच्या मापाचा बोल्ट निघाला, तर तो बहुधा आपल्याकडे १९५६ सालीं दशमान मापांचा कायदा झाल्यानंतरचा समजावा.

चौथा साक्षीदार अक्षर. ब्रशानें माती झाडतां झाडतां एकादें अक्षर दिसलें तर तेथेंच थांबावें व उजेडांत नीट वाचावें. परदेशी मालावर मूळ देशाचें नांव घालण्याची सक्ति विलायतेंत १८८७ च्या कायद्यानें झाली. म्हणून "मेड इन जर्मनी" अशीं अक्षरें असलेली कात्री त्यापूर्वीची मानूं नये. गोदरेजांचा कुलपांचा कारखाना मुंबईंत १८९७ सालीं निघाला. त्या नांवाचें कुलूप त्याच्या आधींचें असणें शक्य नाहीं. आणि आगगाडीच्या रुळाच्या पोटावर तर करणाऱ्याचें नांव व सन पुष्कळदां उठावानें उमटलेला असतो. अनेक शाळांत घंटेऐवजीं रुळाचा तुकडा टांगलेला असे. लहानपणीं त्याच्या ठोक्याबरोबर आम्ही धांवलों, पण त्याच्यावर सन लिहिलेला असेल हें कोणाच्या मनांत आलें नाहीं. अर्थात् तो सन रूळ गिरणींतून निघाला तेव्हांचा. तो शाळेंत आला तो रुळावरून गाड्या धांवून तो निकामी झाल्यावर, कित्येक वर्षांनीं.

कांहीं वस्तु आपल्या आकारानेंच बोलतात. घोड्याचा नाल एकसंध असतो. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून त्याच्या प्रत्येक पायाला दोन चपटे तुकडे ठोकावे लागतात. हे तुकडे सुटे सांपडले कीं पुष्कळांना ओळखूं येत नाहींत. शेताच्या मऊ चिखलांत राबणाऱ्या बैलाला नालाची गरज नसते, खडीच्या रस्त्यावर गाडा ओढणाऱ्याला असते. म्हणून वाडींत असे तुकडे पुष्कळ निघाले, तर त्या घरचा गाडा पक्क्या रस्त्यानें दूरवर जात असावा, असें अनुमान करतां येतें. चाकाची धाव, कण्याच्या टोंकाची खीळ हींहि त्याच कुटुंबांतलीं.

तोफेचा गोळा सांपडला कीं १७३९ सालच्या वेढ्याचीच आठवण होते. परंतु १७८० सालींहि वसईला वेढा पडला होता आणि तेव्हांहि बिडाचेच गोळे सुटत होते. केवळ गोळा पाहून दोन वेढ्यांतील फरक सांगतां येत नाहीं. येथें एक गंभीर सूचना देणें आमचें कर्तव्य आहे. गोळ्याला एक लहान भोंक असेल किंवा तो आकाराच्या मानानें हलका वाटेल, तर तो पोकळ असून आंत दारू असण्याचा संभव आहे. त्याला ठोकूं नये, तापवूं नये, घासूं नये, घरांत आणूं नये. आहे तेथेंच ठेवून पोलिसांना कळवावें.

आतां सर्वांत मोठा साक्षीदार, म्हणजे वस्तूची सोबत. ज्या थरांत ती सांपडली त्या थरांत आणखी काय होतें? मंगळुरी कौल असेल, तर बासेल मिशनचा कौलांचा कारखाना मंगळुरास १८६५ सालीं निघाला हें आठवावें. कांटेरी तार असेल, तर तिच्या ज्या घाटाला यश आलें त्याचें पेटंट १८७४ सालचें. राणीचें नाणें असेल आणि त्यावर तिला सम्राज्ञी म्हटलें असेल, तर तें १८७७ नंतरचें. नियम असा कीं, न ढवळलेल्या थरांत जी सर्वांत नवी वस्तु, तिच्याहून तो थर जुना असूं शकत नाहीं. मात्र आमच्या वाड्यांची माती केळीच्या व नारळीच्या खड्ड्यांनीं पुन्हां पुन्हां उलथलेली असते. म्हणून जुनी वस्तु वर आणि नवी खालीं असेंहि होतें. खोलीवरून वय ठरवूं नये.

गंजावरूनहि ठरवूं नये. "पाहा, किती गंजलें आहे!" हा पुरावा नव्हे. खाडीच्या कांठीं खाऱ्या जमिनींत खिळ्याची थोड्या वर्षांत माती होते. तोच खिळा देवळाच्या भिंतींत चुन्यांत गाडलेला असेल तर शतकें टिकतो, कारण चुना त्याचें रक्षण करतो. धरणीवरचें धन गंजानें नाश पावतें ह्याची प्रभूनें आठवण दिली. पण किती वर्षांत, ह्याचें माप गंजांत नाहीं. लांकडी कोळशावर काढलेल्या लोखंडांत त्या कोळशाचा जो अंश उतरतो, त्यावरून आजच्या प्रयोगशाळांना कांहीं वेळां काळ काढतां येतो खरा. परंतु दगडी कोळशावर काढलेल्या लोखंडाला ही कसोटी लागत नाहीं, आणि घरगुती खिळ्यासाठीं कोणी ती करवीतहि नाहीं. आपल्या हातीं डोळे, भिंग आणि धीर एवढींच साधनें आहेत.

हें सर्व सांगण्याचें कारण एक कोयंडा. प्रदर्शनासाठीं आलेल्या वस्तूंत तो सर्वांत थोर समजला जात होता. ऐंशीं ओलांडलेल्या एका आजोबांनीं तो स्वतः आणून दिला. घराचा पाया नव्यानें खणतांना तो निघाला होता, आणि १७३९ च्या लढाईंत मोडलेल्या देवळाच्या दाराचा तो कोयंडा, असें त्यांच्या घरीं सर्वजण मानीत. त्याला मध्यभागीं ठेवावें अशी त्यांची इच्छा होती, आणि आमचीहि तीच होती. कोयंडा हातानें घडविलेला होता. घाव दिसत होते. घडीव लोखंडाच्या रेषाहि दिसत होत्या. पण त्याच्या एका भोंकांत गंजानें धरून ठेवलेला एक स्क्रू होता. मऊ ब्रशानें माती काढली तेव्हां त्याचें टोंक दिसलें. तें अणकुचीदार होतें.

आम्ही आजोबांकडे गेलों आणि कोयंड्याबरोबर आणखी काय निघालें, तें विचारलें. त्यांनीं परड्यांतल्या ढिगाकडे बोट दाखविलें. त्यांत लाल कौलांचे तुकडे होते, आणि त्यांतील दोहोंवर मंगळूरच्या कारखान्याचीं अक्षरें होतीं. मग जें खरें तें सांगावें लागलें. हा कोयंडा देवळाच्या दाराचा म्हणतां येत नाहीं. कौलें त्याच्याच बरोबरचीं असतील तर तो १८६५ नंतरचा. आजोबा बराच वेळ गप्प बसले. नंतर म्हणाले, "माझा बाप खोटें बोलत नव्हता." आम्ही म्हणालों, "खोटें कोणीच बोललें नाहीं, आजोबा. ऐकलेलें सांगितलें." त्यांनीं कोयंडा पुन्हां हातांत घेतला आणि विचारलें, "मग हा कोणाचा?"

त्याचें उत्तर त्यांच्याच तोंडून आलें. त्यांच्या आजोबांच्या वडिलांनीं झावळ्यांचें छप्पर काढून घरावर पहिलीं कौलें घातलीं, असें त्यांची आई सांगत असे. वाडींतलीं पानें मुंबईच्या बाजारांत जाऊं लागलीं होतीं, हातांत दोन पैसे आले होते. कौलें आलीं तेव्हां दारहि नवें झालें असेल; गांवच्या लोहारानें कोयंडा घडविला असेल, आणि स्क्रू शहरांतून आणले असतील. ही केवळ शक्यता आहे, पण ती वस्तूशीं जुळते, सोबतीशीं जुळते आणि घरच्या आठवणीशीं जुळते. देवळाच्या दाराची कथा तिघांपैकीं एकाशींहि जुळत नव्हती. आजोबा म्हणाले, "त्या म्हाताऱ्याचें आमच्याजवळ कांहींच नव्हतें. एक फोटोहि नाहीं." मग त्यांनीं चिठ्ठी बदलून लिहावयास सांगितलें, आणि कोयंडा मध्यभागींच ठेवावा असा आग्रह धरला. तो तेथेंच ठेवला.

ह्यावरून आम्हांस जें वाटलें तें स्पष्ट लिहितों. पोर्तुगीजांच्या वेळची वस्तु म्हटली कीं आमची मान ताठ होते, आणि त्यांच्या नंतरची म्हटली कीं ती भंगाराच्या गाड्यावर जाते. हा न्याय उलटा आहे. किल्ला बांधणारे १७३९ सालीं निघून गेले. जे राहिले ते आमचे पूर्वज. त्यांनीं पडक्या देवळांच्या सावलींत शेती केली, देशी धर्मगुरूंच्या हातून संस्कार घेतले, मुलांना प्रार्थना शिकविल्या, आणि पुढें आपल्या घामाच्या पैशानें देवळें पुन्हां उभीं केलीं. त्यांच्यापैकीं बहुतेकांचें नांव बाप्तिस्म्याच्या व मरणाच्या वहीपलीकडे कोठेंहि नाहीं. त्यांचें लोखंड हीच त्यांची दुसरी नोंद. तें लोखंड फिरंग्यांच्या नांवावर लिहिणें म्हणजे आपल्याच आजोबांची सही खोडून दुसऱ्याची घालणें होय.

ह्याचा अर्थ खरोखर जुनें कांहीं निघणारच नाहीं, असा नव्हे. जुन्या भिंतीच्या चुन्यांतून निघालेला एक मोठा घडीव खिळा आमच्याकडे आला आहे. तो पोर्तुगीजांच्या काळचा असूं शकेल. त्याच्या चिठ्ठीवर आम्हीं एवढेंच लिहिलें: हातानें घडविलेला, जुन्या भिंतीच्या चुन्यांतून निघाला, काळ निश्चित नाहीं. वाचणाऱ्याला ती कमी वाटेल. पण त्यांतील प्रत्येक शब्द शपथेवर सांगतां येईल.

शेवटीं कांहीं विनंत्या. वस्तु निघतांच ती उचलण्याआधीं ती कोठें, किती खोल आणि कशाच्या सोबतीनें आहे तें लिहून ठेवा, आणि शेजारीं फूटपट्टी ठेवून छायाचित्र घ्या. एकदां उपसलेली जागा पुन्हां जशीच्या तशी करतां येत नाहीं. गंज खरवडूं नका, आम्लांत बुडवूं नका, तेल किंवा रंग लावूं नका. पुष्कळदां वस्तूचा मूळ आकार गंजाच्या थरांतच उरलेला असतो, आणि खिळ्यावरच्या गंजांत लांकडाचे धागेहि राहतात, ज्यांवरून फळी किती जाड होती हें कळतें. मऊ ब्रशानें झाडून, कोरड्या जागीं, चिठ्ठीसह ठेवा. नाणीं किंवा दागिने निघाले तर १८७८ च्या कायद्याप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यांस कळविणें आवश्यक आहे. वसईचा किल्ला हें सरकारनें संरक्षिलेलें स्मारक आहे. तेथें खणणें किंवा तेथून कांहीं उचलणें गुन्हा आहे, आणि पापहि आहे, कारण तें सर्वांचें आहे.

आणि जें आज घरांत वापरांत आहे, त्याचीहि चिठ्ठी आजच लिहा. आजीचा विळा, वाडींतल्या रहाटाचा उरलेला कणा, जुन्या दाराची कडी कोणी केली, कोणी वापरली, हें सांगणारीं माणसें अजून आपल्यांत आहेत. पुढची ज्युबिली येईल तेव्हां तीं नसतील. तेव्हां आमच्या नातवंडांनीं एकादें गंजलेलें लोखंड हातांत घेऊन "हें कोणाचें?" असें विचारलें, तर त्यांना अंदाज करावा लागूं नये. ज्या प्रभूनें सुताराच्या घरांत हातोडा व खिळे हाताळले, तो आम्हां सर्वांस खरें बोलण्याची व आपल्या माणसांची आठवण राखण्याची बुद्धि देवो.